मापाचे बूट

१

माझं काम कान तपासायचं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. चारी भिंतींना जाड फोम आणि दाराला रबराची कड, त्यामुळे दार लावलं की बाहेरचं जग बंद. पेशंटच्या कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडायचे. आवाज आला की त्यानं बटण दाबायचं, एवढंच. या कामात एक गोष्ट लवकर कळते. पुष्कळ माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात. ती खोटं बोलत नसतात. कान लावून बसलेल्या माणसाला न वाजलेलंही ऐकू येतं. पुढे जे घडलं त्यात मी स्वतःची समजूत याच एका गोष्टीवर घालत राहिले.

चाळिशी उलटली तेव्हा ती खोली जिवाला नकोशी झाली. रसायनांशिवाय शेती करणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांच्याकडे अर्धा दिवस राबलं की राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण मिळतं, हे मी ऐकून होते. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर असं वर्षभर हिंडायचं. कितीतरी दिवस मी नुसती बोलत होते. शेवटी वडीलच, आमचे अप्पा, वैतागले. म्हणाले, गोळ्यांची नावं मला वाचता येतात, चहा करता येतो, तू नसलीस तर मी काही हवेत विरघळणार नाही. धाकटी बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची. सकाळ-संध्याकाळ तीच येऊन जाणार होती. तिनं माझी यथेच्छ टिंगल केली. गच्चीतल्या कुंडीत एक धड टोमॅटो आला नाही, आणि बाई निघाल्या परदेशातली शेती सुधारायला.

निघाले त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती. सामान लावण्यात माझं सगळं लक्ष. तेवढ्यात अप्पा वरच्या खिडकीतून काहीतरी बोलले. इंजिन सुरू होतं, मला शब्द कळले नाहीत. दुसऱ्यांचे कान तपासण्यात आयुष्य घालवलेली मी, "हो हो" करून हात हलवला आणि आत बसले. वाटलं, पोचल्यावर फोन करू तेव्हा विचारू.

विचारायचं राहूनच गेलं.

२

पहिलं शेत एका बाईचं होतं. साठीच्या पुढची, उंच, पाठीत किंचित वाकलेली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून चालणारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला. दोघींनाही अर्धीमुर्धी येणारी एक तिसरीच भाषा होती, तिच्यात आम्ही निभावून न्यायचो. 'आज', 'उद्या', 'पाणी', 'पुरे', 'खा' एवढ्या भांडवलावर दोन बायकांचा संसार छान चालतो, हे मला तिथे कळलं.

काम अवघड नव्हतं, चिवट होतं. सकाळी उठून पहिल्यांदा गोगलगायी वेचायच्या. त्या कोबीच्या पानांखाली लपलेल्या असायच्या, त्या हातानं सोडवून डब्यात टाकायच्या. मग कोंबड्यांना मोकळं सोडायचं. मग गुडघे टेकून गाजरांच्या ओळीतलं तण उपटायचं, गाजर कुठलं आणि तण कुठलं हे ओळखत. खताचा ढीग उलथायचा; आतून गरम वाफ यायची आणि ओल्या पानांचा गोडसर वास. दुपारनंतर मी मोकळी.

तिनं मला वरच्या मजल्यावरची खोली दिली. एक पलंग, उतरत्या छताखाली कपाट, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. खोली तिच्या मुलीची होती. मुलगी कुठे असते, मी विचारलं. बाईनं हातानं दूरवर काहीतरी दाखवलं.

"तीही गेली," ती म्हणाली. "तुझ्यासारखीच. लोकांची शेतं बघत."

माझे कापडी बूट पहिल्याच दिवशी चिखलात गेले, तेव्हा तिनं दाराआडून मुलीचे रबरी बूट काढून दिले. मला ते चांगलेच मोठे होत होते. दोन-दोन जाड मोजे चढवून मी ते घातले आणि बदकासारखी फतक फतक करत अंगणात गेले. बाई खळखळून हसली. मलाही हसू आलं. तो दिवस सुखाचा होता.

३

मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ यायची. दुपारी तिथे उभी राहून मी घरी फोन करायचे. शेजारी पंप घरघरत असायचा.

सुरुवातीला अप्पांकडे बोलायला पुष्कळ असायचं. तुझ्या बहिणीला मिठाचा अंदाज नाही. समोरच्यानं नवी गाडी घेतली, लावायला जागा नाही. पाठ दुखते पण फार नाही. मग एकदा बोलता बोलता ते म्हणाले, कालची भाजी फार चांगली झाली होती, अगदी तुझ्या हातची होती म्हणून. मी म्हटलं, अप्पा, मी इथे आहे, माझ्या हातची कशी असेल? "हो की," ते म्हणाले.

वय झालंय, मी मनाशी म्हटलं. घरातलं एक माणूस कमी झालं की म्हातारी माणसं गोंधळतात. धाकटीला फोन करून त्यांच्याकडे नीट लक्ष दे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, अप्पा ठणठणीत आहेत, उगीच घोर लावून घेऊ नकोस.

पण त्यानंतर आवाज सुरू झाले. अप्पा बोलत असताना मागे कुणीतरी चालायचं. मला बारीकसारीक आवाज ऐकायची सवय, सोडू म्हटलं तरी सुटत नाही. एक पाऊल स्वच्छ पडायचं, दुसरं किंचित फरपटत. पाय मुरगळला होता तेव्हापासून माझी डावी चप्पल अशीच घासत जाते. धाकटी घोड्यासारखी चालते, तिचे पाय जिन्यापासून ऐकू येतात. ही ती नव्हती.

एकदा मागून खोकला ऐकू आला. लहानसा, घसा साफ केल्यासारखा, शेवटी जरा वर गेलेला. तो माझाच होता. मी स्वतःला समजावलं की लांबच्या फोनवर आपलाच आवाज फिरून आपल्याकडे येतो. पेशंटना मी हे कितीदा सांगितलंय. मग माझ्या घशात खरोखर खवखव झाली आणि मी खोकले.

पडसाद नंतर येतो. हा आधी आला होता.

४

दुसऱ्या दिवशी मी अप्पांना व्हिडिओवर यायला लावलं. त्यांना ते कधीच जमलं नाही. आधी पंखा दिसला, मग त्यांचा कान, मग कपाळाचा एक तुकडा. मी म्हणत होते, अप्पा, जरा लांब धरा. त्यांनी फोन लांब धरला तेव्हा त्यांच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारातून कुणीतरी आडवं गेलं. निळा सुती कुडता, कोपरापर्यंत दुमडलेली बाही, मानेवर सैल अंबाडा. एवढंच, आणि तेही पाठमोरं.

मागे कोण आहे, मी विचारलं.

अप्पांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला. आई गेल्यापासून तो तसा खुललेला मी पाहिला नव्हता.

"कोण म्हणजे?" ते म्हणाले. "चहा टाकतेय."

मग चित्र थिजलं आणि फोन बंद झाला. मी टाकीला टेकून उभी राहिले. धाकटीच असणार. माझे कपडे ढापायची तिची जुनी खोड. कुडता माझा, अंगावर तिच्या, यात भुतासारखं काय आहे? मी स्वतःशीच मोठ्यानं हसले. धाकटीचे केस मानेपर्यंत कापलेले आहेत हे मला घराकडे चालत येताना आठवलं.

त्या दिवशी मी परत जायला हवं होतं. पण हंगाम ऐन भरात होता, बाईचा गुडघा सुजला होता, आणि जाऊन सांगायचं काय? मी इथे असताना मी तिथे दिसले म्हणून आले? लोकांनी माझेच कान तपासायला सांगितलं असतं.

५

कोबी निघाला तेव्हा भाजी न्यायला टेम्पोवाला दर दोन-चार दिवसांनी यायला लागला. मी क्रेट उचलून द्यायचे, तो आत रचायचा. एका सकाळी त्यानं कपाळावरचा घाम पुसत मला काहीतरी विचारलं आणि मी सांगितलं की यंदा किडीनं फार त्रास दिला नाही, पाऊस वेळेवर थांबला म्हणून. तो मान डोलावून निघून गेला. मी मोकळे क्रेट उचलले, पंपाजवळ नेऊन धुतले, आणि धुता धुता हात थांबले.

तो त्याच्या भाषेत बोलला होता. मी उत्तरही त्याच भाषेत दिलं होतं.

मी आठवायला लागले की हे कधीपासून चाललंय. बाई आणि मी रात्री जेवताना गप्पा मारत होतो. तिच्या नवऱ्याबद्दल, विहिरीबद्दल, तिच्या बहिणीशी झालेल्या जुन्या भांडणाबद्दल ती सांगत होती आणि मी मध्येच प्रश्न विचारत होते. पाच शब्दांच्या भांडवलावर एवढं कसं झालं असेल? भाषा कानावर पडून येते, मी म्हटलं. मुलं अशीच शिकतात. माझे कान तर तयार कान. सगळ्याला कारण होतं. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण मिळत होतं आणि कारणांची रास खताच्या ढिगासारखी आतून गरम होत चालली होती.

बूट काढायला दारात बसले. उजवा ओढला, निघेना. आत मोजा नव्हता. दोन्ही पायांत नव्हते. बूट नुसत्या पायावर मापात बसले होते, जराही सैल नाही.

बाई आतून म्हणाली, "आलीस का? पाय पूस आणि ये, गरम आहे तोवर खा."

ती हे मुलीला म्हणतात तसं म्हणाली. आणि मी "आले गं" म्हटलं.

६

घरचा फोन त्यानंतर लवकर लागेना. कधी रेंज नसायची, कधी नुसतीच रिंग व्हायची. लागला तेव्हा अप्पांनीच उचलला. मी म्हटलं, अप्पा, मी बोलतेय.

"कोण मी?"

चाळीस वर्षांच्या घोडीला ते अजून छकुली म्हणायचे. ते नाव मला स्वतःच्या तोंडून घ्यावं लागलं. अप्पांचे कान या वयातही माझ्यापेक्षा तिखट आहेत, त्यांना आवाज ओळखू न येणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी फोनवरून तोंड बाजूला केलं आणि हळूच कुणाला तरी सांगितलं की कुणीतरी बाई आहे, आपल्या छकुलीचं नाव घेतेय. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कापडाची सळसळ झाली. आणि मग श्वास ऐकू आला. शांत, जवळचा, ऐकणारा श्वास. मी काचेपलीकडून पेशंटकडे बघताना श्वास असाच रोखते आणि सोडते. तिनं घसा साफ केला आणि फोन ठेवला.

मी तिथूनच धाकटीला फोन लावला. तिनं उचलल्यावर एका दमात सगळं सांगितलं. अप्पांना भेटायला जा, घरात कोण शिरलंय बघ, मी लगेच निघते.

ती शांतपणे ऐकत होती. अनोळखी माणसाशी बोलताना तिचा आवाज नेहमी मऊ होतो, तसा झाला.

"हे बघा, तुम्ही कोण आहात मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ताई इथेच आहे. शेताबिताचं नुसतं बोलायची ती, गेली कुठेच नाही. बरं झालं गेली नाही. अप्पांना मध्ये फार बरं नव्हतं, तीच होती म्हणून निभावलं."

बारशापासून ओळखते मी तिला. तिचे पहिले दात पडले ते मी छपरावर फेकले होते. ती मला तुम्ही म्हणाली.

मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्या तळाशी दुसरंच काही होतं. अप्पांना बरं नव्हतं. कुणीतरी रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसलं होतं, त्यांना पाणी पाजलं होतं, आणि ते सुखरूप होते. ते काम माझं होतं. खिडकीतून ते काय म्हणाले हे मी त्याच सकाळी टॅक्सी थांबवून, जिना चढून विचारायला हवं होतं.

७

मी बॅग भरली. बाईला सांगितलं की घरी जायलाच हवं. तिनं अडवलं नाही, कारणही विचारलं नाही. फाटकापर्यंत आली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, थंडी पडायच्या आत ये.

बसथांबा गावाच्या टोकाला होता. एक बाक, वर पत्र्याचं छप्पर, मागे सफरचंदाची दोन झाडं. लख्ख ऊन होतं. बस आली, दार फुस्स करून उघडलं. ड्रायव्हर पिकल्या मिशांचा माणूस होता. त्यानं मला बघून मान हलवली.

"आईचा गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच," मी म्हटलं. "ऐकत नाही ना कुणाचं. वाकून काम करतेच."

"आमचीही तशीच होती," तो म्हणाला. "बोल, कुठे जायचंय?"

मी तोंड उघडलं. विमानतळ म्हणायचं होतं. त्याच्याही पुढे मला आमच्या गल्लीचं नाव आठवायचं होतं, दवाखान्याचं, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानाचं. काहीच येईना. शब्द विसरल्यावर जिभेवर काहीतरी घोटाळतं तसंही नाही. जिथे ती नावं असायची तिथे आता दुसरं सामान होतं. विहीर कुठल्या साली आटली. लाल कोंबडी कुठे अंडी लपवते. लहानपणी मी याच बसमधून शाळेत जाताना खिडकीशी बसण्यासाठी भांडायचे.

ड्रायव्हर थांबून राहिला. मागे कुणीतरी कुरकुरलं.

"कुठे नाही," मी म्हटलं. "सहज आले होते."

बस गेली. मी बराच वेळ बाकावर बसले. अप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. कान आला, कपाळाचा तुकडा आला, पंखा आला. रडू मात्र आलं, ते माझंच होतं.

८

थंडी पडली. कांदे काढून झाले होते. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात बसून त्यांच्या पाती वेणीसारख्या गुंफत होते. आई शेजारच्या खोलीत गुडघ्याला शेक घेत पडली होती. हो, आई. दुसरं काही म्हणायला जीभ वळेनाशी झाली होती.

अंगणातल्या खडीवर पावलं वाजली. मी हात थांबवून ऐकू लागले. लांबून चालत आलेली पावलं, पाठीवर ओझं असलेली. ती अडखळत नव्हती. खोलगट दगड चुकवून, पाणी साचतं ती जागा ओलांडून ती सरळ दाराशी आली. हे अंगण ज्याला अंधारातही पाठ आहे असं माणूस चालत होतं.

दार वाजलं नाही. कडी बाहेरून हलली, सवयीनं. पण थंडी पडल्यापासून मी आतून अडसर घालत होते. मी उठले, अडसर काढला आणि दार हातभर उघडलं.

उन्हानं रापलेली, माझ्याच वयाची एक बाई. पाठीवर मोठी बॅग, बुटांवर कुठल्यातरी वेगळ्याच रंगाची माती. ती हसतच होती. मला बघून हसू तिथेच राहिलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या एप्रनकडे, माझ्या हातातल्या कांद्यांकडे. मग माझ्या खांद्यावरून आत, चुलीकडे, टेबलाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

"तू कोण?" तिनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई कुठेय?"

तिला काय होतंय हे माझ्याइतकं जगात कुणाला कळलं नसतं. मला फक्त एक पाऊल बाजूला सरायचं होतं. सरले असते तर ती आत आली असती, तिच्या खोलीत गेली असती, आणि मी त्या खडीवरून बाहेर. बाहेर कुठे? मला माझं कुठलंच नाव आठवत नव्हतं. तिकडे लांब, माझ्या अप्पांच्या घरात, फोन ठेवताना, त्या दुसरीनंही याच गोष्टीचा विचार केला असेल का? तिलाही असंच वाईट वाटलं असेल का? वाटलं असावं, असं मी धरून चालते.

आतून पलंग करकरला.

"कोण आलंय गं?" आईनं हाक मारली.

दारातल्या बाईनं तोंड उघडलं. तिच्या घशातून आवाज निघायच्या आत मी बोलले, आणि आवाज माझ्या तोंडून सहज, सवयीचा निघाला.

"कोणी नाही, आई."

"मग दार लाव. गारठा येतोय."

मी दार लावलं. अडसर घातला. कांद्यांशी येऊन बसले, पण हात चालेनात. दारापलीकडे खडी वाजायची मी वाट बघत होते. बराच वेळ ती वाजली नाही.